साडेचारच्या खालचे धक्के

रत्नागिरीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या काही मुलांनी भूकंपाची ताजी माहिती दाखवणारा नकाशा केलाय असं कळलं, म्हणून पाहायला गेले. जपान, चिली, इंडोनेशियावर ठिपके उमटत होते. पण मी अडकले ते त्यांच्यातल्या अलोऱ्याच्या मुलीपाशी. तिचा प्रश्न एकच होता : "ह्यात कोयना कुठंय?"

कोयना नव्हतीच. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था जगभरच्या भूकंपांची यादी मोफत देते आणि ती दर मिनिटाला ताजी होते. अमेरिकेबाहेरचे ४.५ पेक्षा लहान धक्के मात्र तीत सहसा नसतात. कोयनेलगतच्या अलोरे-पोफळीला मांडणीवरची भांडी वाजायला तीनचा धक्का पुरतो, कारण तिथले भूकंप फार खोल नसतात. "४.५ च्या खाली आम्ही राहतो," ती म्हणाली.

यादी घेणं, लीफलेट ह्या मोफत साधनाने ती नकाशावर मांडणं, धक्क्याप्रमाणे वर्तुळ लहानमोठं करणं, हे लवकर उरकतं. घाम निघतो तो बारीक गोष्टींत. यादीत आधी रेखांश येतो, लीफलेटला आधी अक्षांश लागतो. त्या घोळात कोयनानगर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडलं होतं.

मग वेळ. यादीतली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, सुमारे १८० माणसं गेली. जागतिक वेळेप्रमाणे तो १० डिसेंबरला पडतो. वेळ बदलणारी ओळ लिहून पडद्यावर ११ तारीख आल्याशिवाय तिने पुढच्या कामाला हात लावला नाही. "आमच्याकडे ही तारीख कुणी चुकत नाही."

१९६० च्या दशकात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हापासून हा भाग हलतोय. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात. जवळच कऱ्हाडला त्यासाठी सरकारी प्रयोगशाळा आहे. अशा भागाच्या शेजारी बसून केलेल्या नकाशात ४.५ ची चाळणी ठेवणं मला तरी पटत नाही.

तिलाही पटलं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र देशातले लहान धक्केही जाहीर करतं. त्या नोंदींची मांडणी वेगळी, म्हणून तारीख, खोली, ठिकाण ती एकेक जुळवून घेते आणि चिपळूणपासूनचं अंतर स्वतः काढून लिहिते. तीनचा धक्का ४.५ च्या मानाने ऊर्जेत पावणेदोनशे पटींनी लहान. त्या मापाने वर्तुळ काढलं तर दिसणारच नाही, म्हणून जवळच्या धक्क्यांना तिने वेगळा रंग दिला. पडदा ठिपक्यांनी भरून जाईल, असं बाकीच्यांचं म्हणणं होतं. ती हटली नाही. आता नकाशा उघडला की आधी चिपळूण-पाटण दिसतं. जपान बघायचं तर तो सरकवावा लागतो.