हेडफोनची पारख

इ. स. १९१० मधील गोष्ट. अमेरिकेतील यूटा राज्यात राहणाऱ्या नॅथानिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात एक उपकरण तयार केले आणि ते अमेरिकेच्या नौदलाकडे पाठवून दिले. डोक्यावरून जाणाऱ्या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन वाट्या बसविलेल्या होत्या. त्या कानांवर ठेवल्या, की बिनतारी यंत्रातून येणारे क्षीण संदेशही स्पष्ट ऐकू येत. नौदलाला हे साधन पसंत पडले व त्याने त्याची मागणी केली. पुढे १९५८ साली जॉन कॉस या अमेरिकन गृहस्थाने संगीत ऐकण्यासाठी खास हेडफोन तयार केला. १९७९ मध्ये जपानमध्ये ‘वॉकमन’ हे हातात मावणारे ध्वनिफीत-यंत्र विक्रीस आले, आणि हेडफोन घराचा उंबरठा ओलांडून रस्त्यावर व आगगाडीत माणसाचा सोबती झाला.

आज गाणी ऐकण्यासाठी आणि अभ्यासासाठीही मुले हेडफोन वापरतात. जुना, साधा हेडफोन जाऊन अधिक चांगला मिळावा, असे अनेकांना वाटते. परंतु दुकानात गेल्यावर नाना आकारांचे आणि रंगांचे हेडफोन पाहून मन गोंधळून जाते. अशा वेळी रंगाला किंवा किमतीला न भुलता वस्तूचे गुण ओळखता आले पाहिजेत. त्यासाठी तिची रचना समजून घेणे इष्ट होय.

बहुतेक हेडफोनांच्या प्रत्येक वाटीत एक लहानसे लोहचुंबक, बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटविलेला पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून वाहणारा विद्युतप्रवाह गाण्याच्या स्वरांप्रमाणे सतत बदलत असतो. त्यामुळे चुंबक वेटोळ्याला कधी ओढतो, तर कधी दूर लोटतो. वेटोळ्याबरोबर पडदा कंप पावतो, त्याच्यामुळे हवा कंप पावते आणि ध्वनी उत्पन्न होतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यात दर सेकंदाला होणारी कंपने थोडी असतात. घुंगरांच्या नादात ती पुष्कळ असतात. दर सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेले ध्वनी मनुष्याचा कान ऐकू शकतो.

पडदा हालतो तेव्हा ध्वनिलहरी जशा पुढे कानाकडे जातात, तशाच मागेही जातात. वाटीची मागची बाजू जाळीदार असेल, तर या लहरी बाहेर निघून जातात. अशा उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये संगीत मोकळे व प्रशस्त वाटते. पण शेजारी बसलेल्यालाही ते ऐकू येते आणि बाहेरचा गोंगाट सरळ आत शिरतो. शांत खोलीतच तो शोभतो. याउलट, बंद पाठीच्या हेडफोनची वाटी मागून पूर्ण झाकलेली असते आणि तिची मऊ गादी कानाभोवती घट्ट बसते. आतला आवाज आत राहतो व बाहेरचा बराचसा बाहेर राहतो. त्यात कान लवकर तापतात आणि जड स्वर कधी कधी अधिक घुमतात, हे खरे. तरीही प्रवासात वापरण्यास तोच योग्य ठरतो. याचे कारण मात्र केवळ संगीताच्या गोडीत नाही.

धावत्या आगगाडीत बसलेला मनुष्य गाणे ऐकू लागला, म्हणजे चाकांच्या खडखडाटात ते नीट ऐकू येत नाही. म्हणून तो आवाज वाढवतो. थोड्या वेळाने त्या आवाजाची सवय होते. मग तो आणखी वाढवतो. त्याचे दुखत काही नाही, पण कानाच्या आत नुकसान होत असते. प्रत्येक कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्या ध्वनीची कंपने टिपून मेंदूकडे संदेश धाडतात. मोठ्या आवाजाच्या सततच्या माऱ्याने त्या मरतात. पक्ष्यांच्या व माशांच्या कानांत अशा पेशी पुन्हा उगवतात; मनुष्याच्या कानांत त्या पुन्हा कधीही उगवत नाहीत.

आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. साधे संभाषण ६० डेसिबलांच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंतच ऐकावा. हाच आवाज ९० डेसिबलांवर गेला, तर ही मुदत केवळ ४ तासांवर येते. मुलांचे कान अधिक जपावे लागतात. त्यांच्यासाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबल इतकीच आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्यातून लहान आवाजातही गाणे स्वच्छ ऐकू येते, तोच हेडफोन उत्तम होय.

ही कसोटी हाती असली, म्हणजे निवड करणे सोपे जाते. प्रथम गाणे न लावता हेडफोन कानांवर ठेवावा आणि दुकानातील गलबला किती कमी होतो, ते पाहावे. गादी कानाभोवती सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली, तर तिच्यातून जड स्वर निसटतात आणि गोंगाट आत येतो. मग ओळखीचे एखादे गाणे लहान आवाजात लावावे. डग्गा, बासरी आणि गायकाचे शब्द वेगवेगळे उमटतात की एकमेकांत मिसळतात, हे लक्ष देऊन ऐकावे. दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखाच ठेवावा. कारण जो मोठ्याने वाजतो तोच चांगला, असा कानांचा सहज ग्रह होतो. पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवून त्याचे ओझे वाटते का, तेही पाहावे. गाद्या आणि तार बदलता येत असतील, तर तो पुष्कळ वर्षे टिकतो. मोबाइलसारख्या लहान यंत्राला जोडायच्या हेडफोनचा विद्युतरोध कमी, म्हणजे साधारण १६ ते ३२ ओहम असावा. अधिक रोध असलेल्यांना बहुधा वेगळे ध्वनिवर्धक यंत्र लागते. किंमत शेवटी विचारावी. झगमगीत रूप व मोठी किंमत असूनही ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असा अनुभव येऊ शकतो.

बंद वाटी तीक्ष्ण आवाज चांगले अडवते. इंजिनाची जड घरघर मात्र तिला तितकीशी अडवता येत नाही. बंगाली पित्याचे पुत्र असलेले अमेरिकन शास्त्रज्ञ अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात हाच अनुभव आला. त्यांनी प्रवासातच त्यावर विचार सुरू केला. हेडफोनमधील लहानसा मायक्रोफोन बाहेरची घरघर टिपतो आणि यंत्र तिच्या नेमकी उलट लहर निर्माण करते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडून दोन्ही शांत होतात. आज अनेक हेडफोनांत ही सोय असते.

जो गुण आगगाडीत उपकारक, तोच रस्त्यावर घातक ठरतो. बंद हेडफोन घातलेल्याला मागून येणाऱ्या मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही. म्हणून रस्ता किंवा रेल्वेचे फाटक ओलांडताना तो कानांवरून उतरवलाच पाहिजे. इतर वेळीही आवाज यंत्राच्या कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांपुढे नेऊ नये आणि मधूनमधून कानांना विश्रांती द्यावी. जुना हेडफोन टाकून नवा आणता येतो. कानांच्या बाबतीत तशी सोय नाही.