मेलमर्जमधील फील्डची मांडणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेलमर्जमध्ये पत्राचा नमुना वर्डमध्ये असतो आणि नाव, पत्ता, रक्कम, तारीख ही माहिती बहुधा एक्सेलच्या तक्त्यातून येते. नमुन्यात « » अशा चिन्हांमध्ये दिसणारी जागा म्हणजे फील्ड. तक्त्यातील एकेका ओळीची माहिती तिथे भरली जाते आणि पत्रे तयार होतात. गृहनिर्माण संस्थांची देखभाल बिले, शाळांची प्रमाणपत्रे, पतसंस्थांच्या नोटिसा अशा पद्धतीने एका बैठकीत निघतात. नमुन्यात एक चूक राहिली, तर ती प्रत्येक कागदावर छापली जाते.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की एक्सेलमध्ये जे दिसते तेच पत्रात उतरते. वस्तुस्थिती वेगळी आहे. एक्सेलचा सेल मूळ किंमत साठवतो आणि तिचे दिसणे वेगळे ठरवतो. तारीख ही एक्सेलच्या लेखी 1 जानेवारी 1900 पासून मोजलेला एक आकडा असते आणि 18 टक्के म्हणजे 0.18. वर्ड 2002 पासून नेहमीच्या जोडणीत वर्डकडे ही मूळ किंमत जाते, सेलची सजावट जात नाही. म्हणून 1250.50 चे 1250.5 होते, भागाकारातून आलेल्या रकमेला दशांशचिन्हानंतर अंकांचे लांबलचक शेपूट लागते आणि टक्क्यांच्या जागी 0.18 छापले जाते.

तारखेची चूक यांत सर्वांत घातक, कारण ती चटकन दिसत नाही. तक्त्यात 05/03/2025, म्हणजे 5 मार्च, लिहिलेले असते आणि पत्रात अमेरिकी क्रमाने 3/5/2025 येते. वाचणारा ती 3 मे समजतो आणि पैसे भरण्याची मुदत दोन महिने पुढे गेली असे धरून चालतो. 25 तारीख असती तर चूक लगेच लक्षात आली असती; महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांत ती लपून राहते.

यावरचा उपाय वर्डमध्ये आहे. फील्डवर कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ9 दाबले, की महिरपी कंसांतला त्याचा कोड दिसतो. तिथे रकान्याच्या नावापुढे स्विच लिहायचा असतो : संख्येसाठी \#, तारखेसाठी \@ आणि अक्षरांच्या रूपासाठी \*. दोन दशांश हवे असतील तर \# "0.00" पुरते. तारखेच्या स्विचमध्ये दिवस, महिना, वर्ष यांची इंग्रजी अक्षरे हव्या त्या क्रमाने लिहावी लागतात. तिथे महिन्यासाठी मोठ्या लिपीतलाच एम हवा; छोटा एम मिनिटांचा असल्यामुळे महिन्याच्या जागी 00 येते. टक्क्यांसाठी मात्र नुसत्या स्विचने भागत नाही, किंमत सूत्रात घालून 100 ने गुणावी लागते. महिरपी कंस कीबोर्डवरून टाइप केले तरी चालतात हाही एक गैरसमज आहे. तसे टाइप केलेले कंस वर्डला साधा मजकूर वाटतात. खरे कंस कंट्रोल आणि एफ9 दाबल्यावरच येतात.

मर्जफॉरमॅट हा स्विच लावला की मांडणी कायमची पक्की होते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो आधीच्या उत्तराची मांडणी नव्या उत्तरावर शब्दागणिक बसवतो. आधीचे नाव दोन शब्दांचे आणि ठळक असेल आणि पुढचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव धरून, तीन शब्दांचे आले, तर तिसरा शब्द साधाच राहू शकतो. मराठी नावांच्या यादीत हे हमखास घडण्यासारखे आहे. संपूर्ण उत्तर एकाच रूपात हवे असेल तिथे चारफॉरमॅट हा स्विच वापरावा. तो कोडमधल्या मर्जफील्ड या शब्दाच्या पहिल्या अक्षराची मांडणी पूर्ण उत्तराला देतो. मराठी मजकुराबाबत एक काळजी जास्तीची घ्यावी लागते. देवनागरीसाठीचा फाँट आणि आकार वर्ड वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे ते अक्षर निवडून फाँटच्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भागही भरावा.

पहिले अक्षर मोठे करणारे किंवा सगळी अक्षरे मोठी करणारे स्विच युनिकोड मराठीवर काहीच परिणाम करत नाहीत, कारण देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या यादीवर मात्र ते वापरूच नयेत. तिथे पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. ती छोट्याची मोठी झाली, की नाव ओळखू येणार नाही इतके बिघडते.

वर्ड रक्कम अक्षरी लिहितो, हा समज अर्धाच खरा आहे. कार्डटेक्स्ट स्विच 9,99,999 पर्यंतच चालतो, आणि इंग्रजीत दीड लाखाचे ‘वन हंड्रेड फिफ्टी थाउजंड’ करतो. लाख-कोटींची अक्षरी रक्कम हवी असेल तर ती तक्त्यातच मजकूर म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवणे सुरक्षित.

सदनिका क्रमांकांच्या रकान्यात 101, 102 असे आकडे आणि मध्येच अ-12 असेल, तर अ-12 च्या जागी पत्रात मोकळी जागा किंवा शून्य येऊ शकते. जोडणी करणारा ड्रायव्हर सहसा पहिल्या 8 ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवतो. असा रकाना भरण्याआधीच टेक्स्ट प्रकाराचा करावा. बँक खात्यांच्या क्रमांकांनाही हेच लागू आहे : आकडा म्हणून लिहिले तर सुरुवातीची शून्ये जातात, आणि एक्सेल 15 पेक्षा जास्त अंक जपत नसल्यामुळे त्यापुढचे अंक शून्य होतात. हे गेलेले अंक वर्डमधला कोणताही स्विच परत आणू शकत नाही.

मराठी व्याकरणही स्विचच्या आवाक्याबाहेरचे आहे. गावाच्या फील्डला ‘मध्ये’ जोडले तर ‘पुणेमध्ये’ छापले जाते. नमुन्यातच ‘येथे’ लिहिले तर ‘पुणे येथे’ बिनचूक येते. ‘हजर राहिला’ की ‘हजर राहिली’ हा प्रश्न इफ फील्डने सोडवता येतो, पण ‘यांनी उपस्थिती नोंदवली आहे’ असे वाक्य घेतले तर त्याचीही गरज उरत नाही. नमुना लिहिणाऱ्याने छपाईआधी सर्वांत लांब नाव, सर्वांत मोठी रक्कम, महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांतली एखादी तारीख आणि रिकामा रकाना असलेल्या ओळींची पत्रे काढून, तक्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.