नकाशाचा मध्य कुठे?

मुलांनो, वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. मधोमध काय दिसतं? युरोप आणि आफ्रिका. चीनमधल्या शाळेत मात्र नकाशाच्या मध्याजवळ चीन असतो आणि युरोप पार डाव्या कडेला! मग यातला बरोबर कुठला?

चिनी लोक आपल्या देशाला 'झोंगग्वो' म्हणतात. म्हणजे मधला देश. सोळाव्या शतकात मातेओ रिची नावाचे इटालियन धर्मगुरू तिथे राहायला गेले. युरोपातला नकाशा त्यांनी दाखवला, तर तिथली विद्वान मंडळी नाराज! एवढा मोठा आपला देश आणि असा कडेला? रिची मोठे चतुर. १६०२ साली पेकिंगमध्ये छापलेल्या नकाशात त्यांनी चीन मध्याजवळ आणून ठेवला. जमीन तीच, समुद्र तेच. फक्त कागदाची कड सरकली.

पण हे फक्त कागदावर राहत नाही. १७९३ साली इंग्लंडच्या राजाचा वकील लॉर्ड मॅकार्टनी व्यापाराची परवानगी मागायला चीनला गेला. बरोबर दुर्बिणी, घड्याळं अशा भेटी होत्या. सम्राटानं राजाला कळवलं, की आमच्याकडे सगळं आहे, तुमच्या वस्तूंची आम्हांला गरज नाही. पुढे ५० वर्षांच्या आतच इंग्रजांच्या तोफांपुढे चीन हरला. आणि इंग्रज तरी काय! अफूच्या व्यापारासाठी ते लढले, अन् वर जगाला शहाणं करायला आपणच निघालोय, अशी त्यांची समजूत!

१८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली. शून्य रेखावृत्त इंग्लंडमधल्या ग्रिनिचवरून जावं, असं ठरलं. फ्रान्सनं मतच दिलं नाही. त्यांना पॅरिस प्यारं! अखेर १९११ साली त्यांनी कायदा केला, तोही कसा? 'पॅरिसच्या वेळेपेक्षा ९ मिनिटं २१ सेकंद मागे' ही देशाची वेळ. ही ग्रिनिचचीच वेळ, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव नाही!

हसलात ना? आता थांबा. आपले जुने ज्योतिषी शून्य रेखावृत्त कुठून मोजायचे, माहीत आहे? आपल्याच उज्जैनवरून. त्यांची गणितं काही त्यामुळे चुकली नाहीत, हे खरं. कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

घरात किंवा शाळेत पृथ्वीचा गोल असेल, तर त्यावर उज्जैन, पेकिंग, पॅरिस आणि ग्रिनिच शोधा. मग आईबाबांना विचारा, यातलं मधलं गाव कुठलं?