एका घरात दोन चुली

१९७३ साली जिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्या हेमलकशात मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. माझ्या कविता विंडोजवरच चालणाऱ्या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या. त्याच लॅपटॉपवर मला लिनक्सही हवं होतं. दोन्ही एका डिस्कवर नांदतात, पण चुली वेगळ्या. एका वेळी एकच पेटते.

आधी कविता पेन ड्राइव्हवर घ्यायच्या. मग विंडोजचा हिस्सा लहान करून मोकळ्या जागेत लिनक्स बसवायचं. विंडोज आधी, लिनक्स मागाहून. उलट केलं तर विंडोज सुरुवातीचा दरवाजा बळकावू शकतं. पुढे लॅपटॉप सुरू करताना ग्रब नावाची यादी विचारते, कुणाकडे जायचं? विंडोज मात्र पूर्ण बंद करावं. ते अर्धवट झोपेत असताना लिनक्समधून त्याच्या फायलींना हात लावला तर त्या बिघडू शकतात.

हे सगळं ठाऊक असूनही, वीज जाईल या घाईत मी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हाच पर्याय निवडला! विंडोज पुन्हा बसवलं, कविता पेन ड्राइव्हवरून परत आल्या. अम्मीवरची तेवढी त्यात घ्यायची राहिली होती. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती मिळतात, तिथल्या काठावर बसून ती आठवून पाहिली. दोन कडवी आठवली. तिसरं अजून नाही.