स्थानकाआड आलेली दुर्बीण

महारेल या शासकीय रेल्वे कंपनीने आखलेल्या, ताशी २०० किलोमीटर वेगाच्या पुणे-नाशिक लोहमार्गावर जुन्नर-आंबेगावच्या वाट्याला येणाऱ्या स्थानकांच्या आड खोडदची रेडिओ दुर्बीण यावी, हे प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटेल. परंतु प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ज्या ३० तबकड्या दूरस्थ दीर्घिकांतील हायड्रोजनचे अतिक्षीण संदेश टिपतात, त्यांना विजेच्या तारेवर घासत धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी म्हणजे केवळ कोलाहलच. म्हणूनच रेल्वेमंत्र्यांनी हा मार्ग सोडून शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे केला.

दोन्ही तालुक्यांनी हळहळावे, हे स्वाभाविकच. तथापि, स्थानक आले की भरभराट आपोआप येते, ही समजूत भाबडी आहे (जमिनीच्या दलालांची भरभराट तेवढी आधी होते!). नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला शीतगृह, शिवनेरी गडाच्या प्रवाशांना जोडरस्ते, जमिनीच्या बिनशेती वापराला शिस्त आणि रस्त्यांसाठी आधीच राखलेली जमीन, ही कामे गाडीवाचूनही अडत नाहीत. नगरपरिषदेने व ग्रामपंचायतींनी मार्गाच्या फेरविचाराची मागणी खुशाल करावी. मात्र विकास आराखड्याचे दप्तर तोवर बासनात बांधून ठेवू नये.