दुर्मीळ कोण? मैत्री बाग ते उदंती

भिलाईत पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचे, हा प्रश्न टाउनशिपमधल्या घरांना कधी पडला नाही. पोलाद कारखाना आतून पाहायचा तर पास हवा, ओळख हवी; मैत्री बागेला तिकीट काढले की काम झाले. तळ्यात नाव, रुळांवर छोटी आगगाडी, संध्याकाळी गाण्यांवर नाचणारी कारंजी आणि आजूबाजूला प्राण्यांचे पिंजरे. विदर्भातून नोकरीनिमित्त इथल्या सेक्टरांमध्ये येऊन राहिलेल्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला वाघ याच बागेत पाहिला. या बागेने आता पन्नाशी ओलांडली आहे. एवढ्या काळात तिने आपल्याला काय दाखवले आणि त्याच काळात छत्तीसगडच्या जंगलात काय काय आपल्या नजरेस न पडताच आटत गेले, हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावेत असे आहेत.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञ कुटुंबांसह इथे राहिले. सेक्टर ७ मधले ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव अजून टिकून आहे. त्या स्नेहाची खूण म्हणून १९७२ मध्ये कारखान्याने ही बाग उभारली. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा, आणि व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तो पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९७३ रोजी. म्हणजे वाघ जंगलात टिकावा म्हणून देशाने कंबर कसली आणि भिलाईकरांना वाघ पाहण्याची सोय झाली, ती जवळजवळ एकाच वेळी.

त्या काळी प्राणिसंग्रहालय कसे असावे याचे कोणतेही देशव्यापी नियम नव्हते. ज्याच्याकडे जागा आणि हौस, त्याने पिंजरे बांधावेत, अशीच रीत. मुंबईची राणीची बाग इंग्रजी अमदानीतली, नागपूरची महाराजबाग भोसल्यांची. भिलाईत हौस आणि जागा दोन्ही कारखान्याकडे होती. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले ते १९९२ मध्ये. पिंजऱ्याची लांबी-रुंदी, प्राण्यांची जोडी, पशुवैद्य, नोंदवह्या यांना तेव्हापासून शिस्त लागली आणि प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येईनासे झाले.

मैत्री बागेचे नाव मात्र गाजले ते पांढऱ्या वाघामुळे. भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमधून १९९० च्या दशकात पांढऱ्या वाघांची जोडी इथे आली. त्यांची वीण वाढली आणि भिलाईत जन्मलेले पांढरे वाघ पुढे देशातल्या इतर संग्रहालयांना अदलाबदलीत दिले गेले. भिलाईने रेल्वेला रूळ पुरवले तसे संग्रहालयांना वाघ पुरवले, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. अभिमान समजण्याजोगा आहे. पण या वाघाची मूळ कथा ऐकल्यावर तो थोडा आवरता घ्यावासा वाटतो.

२७ मे १९५१ रोजी रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी सिधीच्या जंगलात पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. त्याला गोविंदगढच्या वाड्यात ठेवले. बेगम नावाच्या साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्ले सगळी पिवळीच निघाली. मग त्याच विणीतली राधा, म्हणजे मोहनची सख्खी मुलगी, त्याच्यासोबत ठेवली गेली. १९५८ मध्ये तिला चार पांढरी पिल्ले झाली : राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. त्यांतली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पोहोचली आणि पांढऱ्या वाघाचे वेड जगभर पसरले. जंगलातला शेवटचा ज्ञात पांढरा वाघ हजारीबागच्या परिसरात मारला गेला, तेही १९५८ मध्येच. त्यानंतर हा रंग पिंजऱ्यातच वाढला.

हा रंग कुठून येतो, याचा उलगडा २०१३ मध्ये झाला. एका जनुकातल्या एका छोट्या बदलामुळे वाघाच्या अंगावरचे पिवळे-तांबूस रंगद्रव्य तयार होत नाही. काळे पट्टे तेवढे राहतात. बदललेले जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच पिल्लू पांढरे. म्हणून पांढरी पिल्ले हमखास हवी असतील तर नात्यातल्या नात्यात जोड्या लावाव्या लागतात, आणि पिढ्यानुपिढ्या हेच चालले की त्याची किंमत वाघ मोजतो. तिरळे डोळे हे त्यातले सर्वांत सहज दिसणारे लक्षण. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाटच या वाघांमध्ये बदललेली असते. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना अशा रंगांसाठी प्रजनन करण्यास मनाई केली. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, उपजातही नाही. तो वाघच आहे, आणि जंगलात वाघ टिकवण्याच्या कामात त्याचा काही उपयोग नाही.

नंदनकाननमध्ये पहिली पांढरी पिल्ले झाली १९८० मध्ये, तीही साध्या रंगाच्या आणि आपसात नाते असलेल्या जोडीला. त्याच वर्षी त्याच संग्रहालयात सुसरीची पिल्ले जन्मली. बंदिवासात सुसरीचे प्रजनन होण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती. महानदीतून सुसर जवळपास संपली होती. संग्रहालयात वाढवलेल्या सुसरी ओडिशातल्या सातकोसियाच्या घळीत पुन्हा पुन्हा सोडल्या गेल्या. चार दशकांनी, २०२१ मध्ये, महानदीच्या वाळूत नैसर्गिकरीत्या घातलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. ही महानदी उगम पावते आपल्या धमतरी जिल्ह्यात, सिहावाच्या डोंगरात, आणि भिलाईच्या कारखान्याला पाणी पुरवणारे गंगरेल धरण तिच्यावरच आहे. एका संग्रहालयात एका वर्षी दोन प्रकारची पिल्ले जन्मली. त्यांतल्या पांढऱ्या वाघांसाठी भिलाईत रांगा लागल्या. सुसरीची बातमी आपल्या गावापर्यंत आलीच नाही.

आता दुसरा हिशेब, जंगलाचा. छत्तीसगडच्या वाट्याला या बाबतीत विलक्षण इतिहास आला आहे. भारतातले शेवटचे नोंदलेले तीन आशियाई चित्ते मारले गेले ते कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांच्या बंदुकीने, १९४७-४८ च्या सुमारास. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कोरिया संस्थान आणि मोहन सापडलेले सिधीचे जंगल एकमेकांना लागून. शेजारच्या रानात पांढरा बछडा सापडल्याची बातमी जगभर गेली. त्याच मुलखातून एक अख्खी जात गेली, तेव्हा फारसे कुणी हळहळले नाही.

रानपिंगळ्याची गोष्ट तर छत्तीसगड आणि महाराष्ट्र यांना जोडणारी आहे. हे छोटे घुबड शास्त्राला पहिल्यांदा कळले ते १८७२ मध्ये, आजच्या महासमुंद जिल्ह्यातल्या बसना-फुलझर भागातून. एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवलेल्या नमुन्यावरून अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे हा पक्षी असा गायब झाला की शतकभर त्याची खात्रीची नोंद नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगितले होते, पण तो नमुना चोरलेला निघाला. खोट्या पत्त्यावर शोध घेणारे तोवर रिकाम्या हाती परतत होते. खोटा पत्ता बाजूला सारून पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना भर दिवसा फांदीवर बसलेला दिसला. आज मेळघाट, तोरणमाळ, यावल इथे तो पाहायला पक्षिप्रेमी जातात. जिथे तो पहिल्यांदा सापडला त्या मुलखातल्या शाळांतून मात्र त्याचे नावही क्वचितच ऐकू येते.

आणि रानम्हैस. इथे तिला वनभैंसा म्हणतात, छत्तीसगडचा राज्यप्राणी. एकेकाळी मध्य भारतातल्या दलदलींत आणि गवताळ रानांत मोठ्या संख्येने फिरणारा हा प्राणी आज जगात चार हजारांहून कमी उरला आहे, त्यांतले बहुसंख्य आसामात. मध्य भारतात तो उदंती आणि इंद्रावतीच्या जंगलांत आणि सीमेपलीकडे गडचिरोलीतल्या कोलामार्का भागात तग धरून आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये कोलामार्काला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. गावातल्या म्हशींशी संकर, गुरांचे रोग, चराई, शिकार : कारणे जुनी आणि ठाऊक असलेली.

उदंतीत एक वेळ अशी आली की आशा नावाची एकच मादी उरली. तिला कुंपणाच्या आवारात ठेवून वंश वाढवायचा प्रयत्न झाला, तर होणारी पिल्ले बहुतेक नर. मग कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने आशाच्या कानातल्या पेशींपासून क्लोन तयार केला; १२ डिसेंबर २०१४ रोजी दीपाशा जन्मली. २०१८ मध्ये तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणले. ती दिसायला मुऱ्हा म्हशीसारखीच आहे, असा आक्षेप लगेच निघाला आणि वाद वर्तमानपत्रांत रंगला. त्यानंतर मानसच्या जंगलातून रानम्हशी बारनवापारा अभयारण्यात आणल्या गेल्या, २०२० मध्ये पहिली जोडी आणि २०२३ मध्ये आणखी माद्या. आसामच्या ओल्या गवताळ रानातले जनावर छत्तीसगडच्या उन्हाळ्यात कसे रुळणार, हा सवाल तेव्हाही विचारला गेला.

बस्तरच्या पहाडी मैनेचेही असेच. राज्यपक्षी म्हणून मान मिळाला. जगदलपूरला मोठा पिंजरा बांधून प्रजननाचा प्रयत्न झाला. नर आणि मादी दिसायला सारखे, त्यामुळे जोडीच लागली की नाही याचा पत्ता लागेना. पिंजऱ्याने काही साधले नाही. कांगेर खोऱ्यात आता गावातल्या तरुणांनाच मैनेची घरटी राखायला सोबत घेतले आहे, आणि तीच वाट बरी दिसते.

पिंजरा किंवा कुंपण नेहमी हरते असे नाही. कान्हामध्ये १९७० साली बारशिंगे अवघे ६६ उरले होते. वाघ शिरणार नाही अशा आवारात त्यांची वीण वाढवली, गवताळ मैदाने राखली, आणि आज ते शेकड्यांनी आहेत. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये सोडली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि वनखात्याने ते काम केले. या दोन्ही ठिकाणी कुंपणाआड जन्मलेल्या जिवाला बाहेर जायची वाट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. पांढऱ्या वाघाला ती कधीच नव्हती, आजही नाही.

म्हणून पन्नास वर्षांचा निकाल असा : मैत्री बागेने भिलाईच्या मुलांना प्राण्यांची ओढ लावली, हे तिचे खरे श्रेय, पण ‘दुर्मीळ’ म्हणून जो प्राणी दाखवला तो माणसाने घडवलेला होता, आणि आपल्याच राज्यात खरोखर विरळ झालेल्या प्राण्यांकडे बघायला तिने शिकवले नाही. ते अजून करता येईल. पांढऱ्या वाघांचे प्रजनन थांबवावे. आहेत ते वाघ सुखाने म्हातारे होऊ द्यावेत. त्यांच्या पिंजऱ्यापुढे मोहन आणि राधेची हकिगत हिंदीत आणि छत्तीसगढीत लिहून लावावी. शाळेच्या सहलींना बागेबरोबर उदंतीचा रस्ताही दाखवावा. आणि जे मराठी वाचक गोंदिया-दुर्ग मार्गाने इकडे येतात, त्यांनी बाग जरूर पाहावी, पण पांढऱ्या वाघापाशी थांबून मुलांना एवढे सांगावे, की या राज्याचा राज्यप्राणी रानम्हैस आहे आणि तिला वाचवायला वेळ फार थोडा उरला आहे.