बातमी ‘लोकलहोस्ट’वर शिकता येते का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या एपिसोडचं लेखी रूप. विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय: “हातात फोन आहे, रील टाकता येतं, मग पत्रकारिता शिकायला विद्यापीठात कशाला जायचं?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कॅमेऱ्यात नाही, दुसरीकडे आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं की स्वतःच्या लॅपटॉपवर, म्हणजे लोकलहोस्टवर, सगळंच चालतं. कोड प्रॉडक्शनवर गेला, खरी माणसं वापरायला लागली, की खरी परीक्षा सुरू होते. बातमीचंही तसंच. फक्त सरांना दाखवायला लिहिलेली बातमी ही लोकलहोस्टवरची बातमी.

हे फार आधी ओळखलं अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने. १४ सप्टेंबर १९०८ ला तिथलं पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्रही निघालं. मेडिकलची मुलं जशी हॉस्पिटलमध्ये शिकतात, तशी ही मुलं गावाला बातम्या देत शिकणार, अशी कल्पना.

आपल्याकडचं रानडे

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूटची इमारत तुम्ही पाहिली असेलच. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ चा. विद्यापीठाचं मुख्य आवार गणेशखिंडीत, पण हा विभाग भर शहरात.

जागेने काय फरक पडतो? एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला असाइनमेंट मिळालं: ‘फर्ग्युसन रस्त्यावरचे फेरीवाले’.

पहिला दिवस नुसता बघण्याचा. सकाळी किती गाड्या लागतात, संध्याकाळी किती? मोजायचं. ‘बरेच’ हा आकडा नाही.

दुसरा टप्पा बोलण्याचा. विक्रेता, दुकानदार आणि फुटपाथवरून चालता न येणारे आजोबा, तिघांशीही. एकाशीच बोललात तर हाती येतं ते त्याचं मत, बातमी नाही.

तिसरा टप्पा कागदांचा. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर फेरीवाला समिती असावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात. मग विचारायचं: पुण्यातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली? या रस्त्यावर विक्री प्रमाणपत्रं किती जणांकडे आहेत? आधी घोले रोडच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. नाहीच सांगितलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

चौथा टप्पा सगळ्यात अवघड. ज्याच्यावर ठपका येणार आहे, त्याला छापण्याआधी फोन करून त्याची बाजू विचारायची. इथे भल्याभल्यांचा आवाज कापतो. हे स्लाइड्स बघून येत नाही, दोन-चारदा करूनच येतं.

आता लक्षात घ्या, यातलं बहुतेक काम रानडेच्या दारातून बाहेर पडून पायी करता येतं. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये हा विभाग मुख्य आवारात हलवून तिथल्या माध्यम विभागात विलीन करण्याचा निर्णय आला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अखेर तो थांबवावा लागला. एकत्र आल्याने स्टुडिओ, कॅमेरे वाटून वापरता येतात, हा मुद्दा अगदीच फोल नाही. पण स्टुडिओ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवता येतो. शहर हलवता येत नाही.

विद्यार्थी म्हणून सूट नाही

प्रॉडक्शनवर गेलात की जोखीम आलीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम ३५६ आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. ‘मी अजून शिकतोय’ म्हणून त्यात सवलत नाही. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे समोरचा माणूस. चुकीचं नाव गेलं तर कोड मागे घेता येतो तशी बातमी मागे घेता येत नाही. स्क्रीनशॉट फिरतच राहतो. म्हणून विद्यापीठात मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली, तर ‘हे तुला कोणी सांगितलं?’ असं प्रत्येक वाक्याला विचारणारा संपादक. आमच्या भाषेत कोड रिव्ह्यू. रीलला तो नसतो.

रेडिओची गंमत

विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ हे कम्युनिटी रेडिओ केंद्र २००५ पासून १०७.४ एफएमवर आहे. मात्र केंद्र सरकारच्या धोरणानुसार कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. परीक्षा, हवामान, पाणीपुरवठ्याच्या सूचनाही चालतात. म्हणजे ‘गुरुवारी पाणी बंद’ हे सांगता येतं, पण ‘दर वेळी याच पेठेत का बंद?’ याची बातमी करायला गेलात की नियम आडवा येतो. तुमच्या फोनवरच्या पॉडकास्टला हा परवान्याचा नियम लागू नाही. त्या अर्थाने तुमच्या हातात रेडिओ केंद्रापेक्षा जास्त मोकळीक आहे.

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर: फोन पुरतो, पण तो फक्त प्रसिद्ध करायला. तपासायला दुसरा माणूस लागतो, आणि विद्यापीठात तो हक्काने मिळतो. तिथे जाणं जमत नसेल तर एक मित्र धरा. या आठवड्यात आपल्या गल्लीतला एकच प्रश्न घ्या, तीन माणसांशी बोला, एक कागद मिळवा आणि टाकण्याआधी मित्राला प्रत्येक वाक्यावर ‘कशावरून?’ विचारायला सांगा. जी वाक्यं त्यातून तगतील, तेवढीच टाका.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, विचारत राहा!